पिठाचा हात

आमच्या घरात समुद्र आला तेव्हा सगळ्यात आधी दिवाण बाहेर गेला. मग टीव्ही, मग अप्पांची आरामखुर्ची, मग शोकेस. बैठकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काचेची टाकी बसली. शेजारच्या शकीलाचाची दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं बाई, आता पाहुण्यांनी बसायचं कुठं?"

"किनाऱ्यावर," असं म्हणून अप्पांनी उंबऱ्याकडं बोट दाखवलं.

चाची खरंच उंबऱ्यावर बसल्या. तेव्हापासून आमच्याकडं येणारं प्रत्येक माणूस तिथंच बसतं.

मी शिवलीला कोरे, राहणार लातूर, इयत्ता दहावी. हा समुद्र माझा. 'प्रवाळ पालक' म्हणून नाव माझं लागलंय आणि मुलाखतही मीच दिली. आठवीपर्यंत उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी मी, पडद्यावरच्या शास्त्रज्ञांना म्हणाले होते, "सर, समुद्रापासून इतकं लांब आणि समुद्रासाठी इतकं आसुसलेलं गाव तुम्हाला दुसरं मिळणार नाही." ते हसले आणि टाकी आली. त्या दिवशी माझं तोंड जे उघडलं ते अजून मिटलेलं नाही, असं मम्मी म्हणते.

लातुरात समुद्र म्हणजे काय चीज आहे हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो. त्या दिवशी निम्मा वर्ग गैरहजर असतो आणि बाई कुणाला काही विचारत नाहीत, कारण बाईसुद्धा उशिरा आलेल्या असतात. बाकीचे दिवस गाव जारच्या पाण्यावर चालतं. तो जारचा प्लँट अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. बोअरचं जड पाणी मशीनमधून गाळून गोड करायचं आणि निळ्या जारमध्ये भरून घरोघर पोचवायचं, हा त्यांचा धंदा. मला टाकी मिळाली त्यात माझ्या बोलण्याइतकाच अप्पांच्या मशीनचाही हात होता, हे मी उगाच कुणाला सांगत नाही.

आता प्रवाळाबद्दल थोडं. वर्गात मी हे इतक्यांदा सांगितलंय की मागच्या बाकावरची मुलं माझ्याबरोबर म्हणतात. प्रवाळ म्हणजे दगडही नाही आणि झाडही नाही. ते ज्वारीच्या दाण्याएवढे प्राणी असतात. ते स्वतःचं दगडी घर बांधतात, एकाला एक लागून, आणि अंगात बारीक शेवाळ भाडेकरू म्हणून ठेवतात. शेवाळ उजेडावर साखर करतं आणि भाड्यापोटी मालकाला देतं. पाणी फार तापलं की मालकाचं डोकं फिरतं, तो भाडेकरूला हाकलतो आणि मग स्वतःच उपाशी मरतो. हे मम्मीच्या शाळेच्या पुस्तकातही होतं. नवीन आला तो सोलवटा नावाचा रोग.

सोलवटा हे किनाऱ्यावरच्या लोकांनी दिलेलं नाव. उकडलेल्या बटाट्याची साल सुटावी तसं प्रवाळाचं मांस सांगाड्यावरून सुटतं, म्हणून सोलवटा. तो खाऱ्या पाण्याबरोबर जातो. होडीच्या बुडाला, जाळ्याला, माणसाच्या पायाला लागून जातो, वाऱ्यावर उडालेल्या तुषारांतूनही जातो. किनाऱ्यावरच्या प्रवाळ संशोधन केंद्रातल्या टाक्याही त्यानं सोडल्या नाहीत. तेव्हा केंद्रानं उरलेसुरले निरोगी तुकडे घेतले आणि जिथं समुद्राचा थेंब पोचत नाही अशा गावांतली घरं शोधली. पाणी नसण्याबद्दल लातूरला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मिळालं.

टाकी मांडायला सुट्टी पुरली नाही. आधी फरशी ठोकून बघितली, मग खाली लोखंडी घोडा, त्यावर काच, घोड्याच्या पोटात गाळणीची दुसरी टाकी. अप्पांच्या गोड पाण्यात आम्ही पोत्यानं मीठ ढवळलं. साधं मीठ नाही, समुद्रात जे जे विरघळलेलं असतं ते सगळं असलेलं. माणसानं आयुष्यभर पाण्यातलं मीठ काढायचं आणि मग घरी येऊन पाण्यात मीठ घालायचं, असं म्हणत अप्पा ढवळत होते. मग दगड रचले, लाटा करणारे पंप लावले, निळे दिवे लावले, पाणी थंड ठेवणारं यंत्र खिडकीत बसवलं. आणि मग नुसतं थांबायचं. कारण नव्या पाण्यात प्रवाळ टाकला की मेला. दगडांच्या भोकाभोकांत जिवाणू वाढावे लागतात. ते घाण खातात, तिची कमी विषारी घाण करतात, दुसरे ती खातात, असं चक्र बसलं की पाणी मुरलं.

मम्मीनं वास घेतला. "एवढ्या दिवसांचं शिळं पाणी. आणि तू त्याला मुरलं म्हणतीस."

"शिळंच पाहिजे मम्मी. हात लावू नकोस."

"पाणी आल्यावर जुनं ओतून टाकायची सवय आहे माझी. बांधून ठेव मला त्या दिवशी."

खरंच पाण्याच्या दिवशी मी टाकीसमोर आडवी बसून राहिले.

मग तुकडे आले. बोटाएवढे, चकत्यांवर चिकटवलेले, तपकिरी आणि हिरवे. पहिल्या दिवशी ते मिटूनच होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंडं उघडली आणि सगळ्या दगडाला जणू लव फुटली. मी इतकी ओरडले की शकीलाचाची वाटी हातात घेऊनच धावत आल्या.

*

समुद्राला रविवार नसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं, रोज गोड पाण्याची भर घालावी लागते. काचेवर शेवाळ चढतं. पंपाची घरघर झोपेतही थांबत नाही. वीज गेली की अप्पा प्लँटवरून बर्फाच्या बाटल्या घेऊन पळत येतात आणि टाकीत तरंगत सोडतात. दाराच्या कड्यांना, फॅनला, मम्मीच्या स्कूटरच्या आरशाला मिठाचा पांढरा थर. लग्नाला जायचं तर तिघांपैकी एकजण मागं. मामाकडं दिवाळीला कुणी गेलंच नाही.

उन्हामुळं आमची शाळा पहाटेच भरते. त्यामुळं संध्याकाळची कामं माझी होती, म्हणजे पाणी तपासणं, प्रवाळाला बारीक खाद्य देणं, केंद्राला अहवाल बोलून पाठवणं. अहवाल मला फार आवडायचा. "नमस्कार, मी लातूरहून शिवलीला," अशी मी सुरुवात करायचे.

सकाळचं काम मम्मी करायची. काच पुसणं, उलटा पडलेला तुकडा सरळ करणं, गाळणीतला कापूस बदलणं. मम्मी जवळच्या गावातल्या आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. सकाळी ती भाकऱ्या थापते, डबे भरते आणि स्कूटरवर निघते. यातल्या दोन भाकऱ्यांच्या मधे समुद्र यायचा. टाकीशेजारी खुंटीला निळे हातमोजे टांगलेले होते, कारण केंद्राचा नियमच तसा होता. मम्मी मात्र पिठाचा हात झटकायची, साडीला पुसल्यासारखा करायची आणि कोपरापर्यंत पाण्यात घालायची.

"मम्मी, मोजे," शाळेचं दप्तर उचलता उचलता मी म्हणायचे.

"अगं भाकरी करपायलीय."

"नियम आहे मम्मी."

"नियमाला म्हणावं तव्याजवळ उभा राहा."

मी अहवालात सांगायचे, सर्व नियम पाळले जात आहेत. माझ्यापुरतं ते खरंच होतं.

*

केंद्र अधूनमधून प्रत्येक घरातला एक तुकडा परत मागवायचं. बंद डब्यात तो जायचा आणि तिथं त्याला मुद्दाम सोलवट्याच्या पाण्यात ठेवायचे. नांदेडचा सोलला. बीडचा सोलला. सोलापूरच्या एका घरातला तर एका दिवसात सोलला.

आमचा सोलला नाही.

केंद्राच्या डॉ. रेश्मा तांडेल यांनी स्वतः फोन केला. मी त्यांना आजवर फक्त पडद्यावर थकलेल्या चेहऱ्यानं बोलताना बघितलं होतं. त्या म्हणाल्या, "शिवलीला, तू काय वेगळं केलंस?"

"काहीच नाही मॅडम, सर्व नियम पाळले."

"मग मला यायला पाहिजे."

समुद्रावरच्या माणसाला प्रवाळाजवळ यायचं तर फार सोवळं असतं. तांडेल मॅडम आधी अप्पांच्या प्लँटवर उतरल्या, जारच्या पाण्यानं अंघोळ केली, लातूरच्या बाजारातून घेतलेला कोरा ड्रेस घातला आणि मग आमच्या उंबऱ्यावर आल्या. मम्मीनं आदल्या दिवसापासून घर उलटंपालटं केलं होतं. एवढ्या मोठ्या बाई येणार. सकाळी अप्पांच्या डब्याच्या भाकऱ्या उरकल्यावर तिनं जेवणाला चपात्या केल्या, स्टीलची नवी परात काढली, नव्या टॉवेलची घडी मोडली.

मॅडम जेवल्या कमी आणि पुसलं जास्त. लांब काडीला गुंडाळलेला कापूस त्यांनी साबणावर फिरवला, टॉवेलवर फिरवला, परातीवर, पिठाच्या डब्यात, नळाच्या तोंडाला, अप्पांच्या हातावर, माझ्या हातावर, मम्मीच्या हातावर. प्रत्येक काडी वेगळ्या नळीत.

जाताना त्या टाकीपुढं बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझे वडील बुडी मारून शिंपले काढायचे. पाण्याखाली गेलं की खडकाचा आवाज येतो, मक्याच्या लाह्या फुटल्यासारखा. आता तिथं गेलं तर आवाजच नाही गो. गावातली पोरं म्हणतात, शांत आहे, छान आहे."

मम्मी म्हणाली, "बसा की थोडं."

"बसले तर झोप लागेल," असं म्हणून त्या गेल्या.

*

निकाल आला तेव्हा आम्ही तिघं मोबाइलवर डोकी लावून होतो.

"प्रवाळाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो," मॅडम सांगत होत्या. "त्या थरात चांगले जिवाणू राहतात. आपल्या आतड्यात दह्याचे राहतात तसे. तुमच्या प्रवाळात एक असा जिवाणू सापडलाय जो दुसऱ्या कुठल्याच घरात नाही. तो थरात आधीच जागा धरतो, एसटीत रुमाल टाकल्यासारखी. सोलवटा येतो तेव्हा त्याला बसायला जागाच नसते."

"आला कुठून?" मी विचारलं.

"पिठात अगदी नावापुरता आहे. शिवलीला, तुझ्या हातावर नाही, वडिलांच्या हातावर नाही. तुझ्या आईच्या हातावर आहे. वस्ती करून आहे."

मी मम्मीकडं बघितलं. मम्मीनं खुंटीवरच्या मोज्यांकडं बघितलं. मीही.

"आता नीट ऐका," मॅडम म्हणाल्या. "हे नक्की कशामुळं होतंय ते कळेपर्यंत घरात काही बदलू नका. काहीच नाही. तोच साबण, तेच पीठ, तीच वेळ, तोच हात. निदान वर्षभर."

पहिले काही दिवस मला फार भारी वाटलं. शाळेच्या फळ्यावर माझं नाव होतं. मग त्या वाक्याचं वजन घरावर बसायला लागलं. गिरणी बदलायची नाही. रंग द्यायचा ठरला होता, तो नाही. उदबत्ती नाही, कारण आधी मम्मी लावत नव्हती. शकीलाचाचींनी हौसेनं हाताला मेंदी लावते म्हटलं तर नाही. चाची म्हणाल्या, "म्हणजे महानंदा, तू आता फोटोतल्यासारखं राहायचं. हलायचं नाही."

आणि मग मॅडमचा दुसरा फोन आला. दवाखान्यात जंतुनाशकानं हात धुऊ नका. शक्यतो नकोच.

मम्मी हसली. "मॅडम, मी नर्स आहे."

"माहितेय हो."

"नर्सनं हात धुवायचे नाहीत, तर मग करायचं काय?"

केंद्रानं आरोग्य खात्याशी बोलून मम्मीला रजा मिळवून दिली. मम्मी घरी बसली. सकाळ-संध्याकाळ पाण्यात हात, मधल्या वेळात खिडकी. खाऱ्या पाण्यानं तिच्या मनगटाला चिरा पडल्या. मलम लावायचं नव्हतं, कारण आधी लावत नव्हती.

त्यातच नांदेडहून निरोप आला.

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नांदेडला आरोग्य खात्याचा एक मोठा कोर्स आहे. तो केला की मम्मीला मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाच्या विभागात काम मिळतं. मम्मीला बाळंतपणं आवडतात. रात्री जागून आली तरी अशा दिवशी ती गुणगुणत भाकरी थापते. हा कोर्स तिनं एकदा सोडला माझ्यासाठी, मी पोटात होते. एकदा सोडला अप्पांचा पाय मोडला तेव्हा. या वर्षी नाव लागलं. पुढच्या वर्षी तिचं वय बसत नाही.

मम्मीनं निरोप वाचला, मोबाइल उपडा ठेवला आणि टाकीत हात घातला.

*

घरात कुणीच नांदेडचं नाव काढेना. अप्पा मीठ ढवळायचे, मी अहवाल पाठवायचे, मम्मी हात बुडवायची. माझा अहवालसुद्धा आखडत गेला. "लातूर. ठीक आहे." एवढंच.

सोमवारी हजर व्हायचं होतं. आधीच्या शुक्रवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून मी सकाळी स्वयंपाकघरात मम्मीजवळ बसले होते. ती भाकरी थापत होती. तिचा हात गोल फिरत होता आणि मी मनगटावरच्या चिरा बघत होते.

"मम्मी, दवाखान्यात तू आधी दिवसातून किती वेळा हात धुवायचीस?"

"मोजतंय कोण. प्रत्येक पेशंटला."

"जंतुनाशकानं?"

"मग काय ताकानं?"

"म्हणजे दिवसभरात सगळे जिवाणू जात असतील."

"जावेतच म्हणून धुतात बाई."

"आणि सकाळी परत यायचे. इतके महिने. तेव्हाच तर प्रवाळात गेले ना. तू रजेवर बसायच्या आधी." माझं बोलणं माझ्याच कानाला मोठं वाटायला लागलं. "मग ते तुझ्या हातावर राहत नाहीत मम्मी. रोज नवे येतात. कशावरून तरी येतात."

"पिठावरून. मॅडम म्हणाल्या की."

"पिठात नावापुरते आहेत म्हणाल्या."

मम्मीनं भाकरी उचलून तव्यावर टाकली. तिच्या पुढ्यात काठवट होती. आमच्याकडं भाकरी अजून लाकडी काठवटीतच मळतात आणि त्यातच थापतात. ही काठवट मम्मीच्या आईची, निलंग्याहून आलेली. मधोमध लांब चीर आणि चिरेवर पत्र्याची पट्टी ठोकलेली. तिला साबण कधी लागत नाही. उलथन्यानं खरवडायची, ओल्या फडक्यानं पुसायची आणि भिंतीला उभी करायची. चिरेत वाळलेलं पीठ कायमचं. कुठल्या सालचं, देव जाणे.

"मम्मी, तांडेल मॅडमनी हिच्यावर कापूस फिरवला होता?"

मम्मीनं काठवट जवळ ओढली.

"परातीवर फिरवला," मी म्हणाले. "मला आठवतंय. परात पुढ्यात होती. काठवट कुठं होती?"

मम्मीनं पदरानं कपाळ पुसलं. मग अगदी हळू म्हणाली, "ज्वारीच्या पोत्यामागं."

"का?"

"अगं, एवढ्या मोठ्या बाई येणार. त्यांच्यापुढं फुटकी काठवट ठेवू? काय म्हणल्या असत्या?"

दारात अप्पा उभे होते. त्यांना आधी खोकला आल्यासारखं झालं. मग ते भिंतीला टेकून हसायला लागले, मग मी, मग शेवटी मम्मी. कितीतरी दिवसांनी घरात पंपाच्या वरचा आवाज झाला. "किनाऱ्यावरचे शास्त्रज्ञ," अप्पा डोळे पुसत म्हणाले, "आणि आमच्या बाईनं पुरावा पोत्यामागं लपवला."

तव्यावरची भाकरी करपली.

*

मी तांडेल मॅडमना फोन केला. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "असू शकतं. लाकूड ओल धरतं, चिरेत वस्ती टिकू शकते. चिरेतलं वाळलेलं पीठ खरवडून तो भुसा आजच पाठव. पण नुसता तो सापडून भागणार नाही. दुसऱ्या कुणाचा हात वापरून तो प्रवाळात जातो का, टिकतो का, ते बघायला पाहिजे. त्याला आठवडे लागतील."

"मम्मीला सोमवारी नांदेडला हजर व्हायचंय."

हे त्यांना आम्ही सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, "तोवर थांबता नाही येणार त्यांना? मी खात्याशी बोलते."

"थांबलं तर नाव जातं, मॅडम."

"उद्या सांगते," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आत येऊन बघते तर मम्मी बॅगेतून पांढरे गणवेश काढून परत कपाटात लावत होती.

"हे काय करायलीस?"

"राहू दे गं. माझ्यानं नाही होत हे ताणून धरणं. मॅडम म्हणतात तर थांबते."

"पुढच्या वर्षी तुझं वय बसत नाही."

"नाही तर नाही. आजवर काय अडलं?" ती घडीवर हात फिरवत होती आणि हाताच्या चिरांत कापडाचा धागा अडकत होता. "आणि तुझ्या समुद्राचं काय? तूच हट्टानं आणलास. ते मुके जीव तोंडं उघडून बसलेत तिथं. मी गेले आणि मेले तर?"

"समुद्र माझा आहे ना?"

"तुझाच."

"मग हात तुझा कशाला?"

मी घाबरले होते. मुलाखतीत घाबरले नव्हते तेवढी. कारण तिचं खरं होतं. काठवटीचं माझं म्हणणं चुकीचं निघालं असतं तर आख्ख्या किनाऱ्यासाठी उरलेला एक उपाय आमच्या बैठकीत संपला असता, आणि ते माझ्या नावावर झालं असतं. तरी मी गणवेश उचलले आणि परत बॅगेत टाकले. घडी विस्कटली.

"असं कोंबू नको, इस्त्री आहे," मम्मी म्हणाली आणि स्वतः नीट लावायला बसली.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन मीच उचलला. "मम्मी जायलीय, मॅडम. पालक मी आहे, म्हणून मी सांगतेय."

"शिवलीला, एवढ्या घरांतला हा एकच तुकडा जगलाय."

"माहितेय."

"गेला तर मला दुसरा देता येणार नाही. माझ्याकडं नाहीये."

"माहितेय, मॅडम."

मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "माझ्या आईनं एक शिवणाचा वर्ग सोडला होता, मला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून. मरेपर्यंत तिच्या बोलण्यात तो वर्ग यायचा." मग आवाज बदलून, "भाकरी येते का तुला?"

"नाही."

"मग शिक गो लवकर."

*

मम्मी सोमवारी पहाटेच्या बसनं गेली. जाताना काठवट माझ्या पुढ्यात ठेवली. "तिला साबण लावलास तर बघ," एवढंच म्हणाली.

माझ्या भाकऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. पीठ चिकटायचं, कडा फाटायच्या, उचलताना मधोमध भोक पडायचं. अप्पा ताटात बघून म्हणायचे, "आज श्रीलंका का?" आणि खायचे. पहाटे उठायचं, मळायचं, थापायचं, हात झटकून पाण्यात घालायचा, काच पुसायची, उलटा तुकडा सरळ करायचा, शाळेत पळायचं. पहिल्या तासाला मी बसल्या बसल्या झोपायचे. बाई म्हणाल्या, "कोरे, तू हल्ली फार शांत झालीस." मी म्हणाले, "दमलेय, बाई." मम्मी हे इतकी वर्षं करून वर नोकरीला जायची, आणि मी तिला मोज्यांबद्दल सांगत होते.

मधे एका तुकड्याची कडा फिकट पडली. मी दिवसातून दहादा काचेला नाक लावायचे. नांदेडहून फोन आला की मम्मी आधी विचारायची, "उघडलेत का?" मी म्हणायचे, "उघडलेत." फिकट कडेचं सांगितलं नाही. तिनं परीक्षेचा अभ्यास करावा.

मग दुसरा एक तुकडा केंद्रात गेला. आम्ही वाट बघितली.

मॅडमचा फोन आला तेव्हा माझे हात पिठात होते. अप्पांनी मोबाइल माझ्या कानाशी धरला.

"काठवटीच्या भुशात तो आहे," मॅडम म्हणाल्या. "भरपूर. तुझ्या हातावरही आलाय."

"आणि तुकडा?"

"निम्मा सोलला. निम्मा टिकला."

निम्मा म्हणजे जिंकलो की हरलो, हेच कळेना.

"आईच्या हाताइतका नाही अजून," त्या म्हणाल्या, "पण आहे. दुसऱ्या हातानं जातो, एवढं तर कळलं. शिवलीला, चिरेच्या कडेचे थोडे कपचे काढून पाठवशील? बाकीच्या घरांना वाटते. भाकऱ्या थापू दे सगळ्यांना."

"पाठवते. पण मॅडम, एक सांगते. ही सकाळ मी करीन. पण दहावीनंतर मी शिकायला बाहेर जाणार आहे. तोवर दुसऱ्या घरांत वस्ती करून घ्या. अप्पांनापण शिकवते थापायला. पण वर्षानुवर्षं एकच हात, असं परत कुणाला सांगू नका."

अप्पा मोबाइल धरून छताकडं बघत होते.

"बरं गो," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात झोप होती, पण त्या हसत होत्या बहुतेक.

फोन ठेवतोय तोच मम्मीचा व्हिडिओ कॉल आला. तिला निम्म्याचं सांगायला मी तोंड उघडलं, पण ती आधीच बोलायला लागली. मागं रुग्णालयातली गडबड ऐकू येत होती. "लिली, ऐक. आज मी एकटीनं बाळंतपण केलं. डॉक्टरबाई नुसत्या बाजूला उभ्या. पायाळू होतं गं, तरी सुखरूप. आणि तुला सांगते, हात किती वेळा धुतले आज. कोपरापर्यंत, ब्रशनं, घासून घासून. असं बरं वाटलं. मनगटाच्या चिरा भरत आल्यात, बघ."

"बघू," मी म्हणाले. तिनं मोबाइल हातासमोर धरला. हात गुलाबी, ओले, स्वच्छ होते.

"आणि तुझे?" ती म्हणाली. "दाखव."

मी बैठकीत येऊन पिठाचा हात कोपरापर्यंत टाकीत घातला. पाणी जरा पांढरं झालं, मग निवळलं. अप्पांनी मोबाइल काचेजवळ नेला. फिकट कडेच्या शेजारची बारीक तोंडं मिटली, थोडी थांबली आणि परत उघडली.